भिलाईची वसाहत : कामगाराच्या घराचा प्रश्न

(भिलाई येथील वैशाली नगरात मराठी भाषक पक्षसभासद व कामगार यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कामगार चळवळीच्या सभांतून वेतन, बोनस, महागाईभत्ता, कामाचे तास या प्रश्नांची चर्चा सदैव होत असते. कामगाराच्या घराचा प्रश्न मात्र बहुधा ठरावाच्या शेवटच्या कलमात येतो आणि टाळ्यांच्या गजरात विसरला जातो. वास्तविक पाहता मजुरीचा मोठा हिस्सा घरभाड्याच्या रूपाने ज्याच्या खिशात जातो, तो घरमालकही कामगाराच्या शोषणाचा भागीदारच असतो. म्हणून घराचा प्रश्न हा दयाधर्माचा किंवा केवळ नगररचनेचा प्रश्न नसून वर्गसंघर्षाचा प्रश्न आहे. ज्या नगरात ही सभा भरली आहे, त्या नगराचा इतिहास या विधानाची साक्ष देतो. त्या इतिहासात सार्वजनिक क्षेत्राची थोरवी आहे, तशीच त्याची अपुरी राहिलेली प्रतिज्ञाही आहे. दोन्हींचा हिशेब मांडल्याखेरीज पुढील मागणी नेमकी करता येणार नाही.

एंगल्सने घातलेला पाया

1872 साली लाइपझिगच्या ‘फोल्क्सस्टाट’ या पत्रात फ्रेडरिक एंगल्स याने घराच्या प्रश्नावर लेखमाला लिहिण्यास प्रारंभ केला. त्या काळी जर्मनीतील शहरे वेगाने वाढत होती, भाडी भडकली होती आणि मध्यमवर्गीय सुधारक दोन उपाय सुचवीत होते. पहिला उपाय असा, की भाडेकरूने हप्ते भरावेत आणि यथावकाश घराचा मालक व्हावे. दुसरा असा, की कारखानदाराने आपल्या कामगारांसाठी घरे बांधावीत.

एंगल्सने दोन्ही उपायांची चिकित्सा केली. घराच्या हप्त्याने बांधलेला कामगार नोकरीच्या शोधात दुसऱ्या गावी जाण्यास मुकतो आणि एकाच मालकाच्या दारी खिळून राहतो, असे त्याने दाखविले. मालकाने दिलेल्या घराचे वैगुण्य याहूनही उघड होते. संप पुकारणाऱ्या कामगाराला मालक घराबाहेर काढू शकतो. म्हणजे एकाच माणसाच्या हाती भाकरी आणि छप्पर या दोहोंच्या किल्ल्या जातात. घराच्या टंचाईचे मूळ ज्या उत्पादनसंबंधांत आहे, ते बदलल्याशिवाय ही टंचाई कायमची दूर होणार नाही, हा त्याचा निष्कर्ष होता.

आता प्रश्न असा उपस्थित होतो, की कारखान्याचा मालक खाजगी भांडवलदार नसून शासन असेल तर काय होते? भिलाई हे या प्रश्नाचे भारतातील सर्वांत मोठ्या उदाहरणांपैकी एक आहे.

भातशेतांवर उभे राहिलेले नगर

2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत आणि सोविएत युनियन यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. दुर्ग जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर ती भोपाळला गेली. विदर्भातील मराठी माणसाला हा मुलूख परका नव्हता, याचे कारण येथे आहे.

पाश्चात्त्य भांडवलशाही राष्ट्रे भारतासारख्या नवस्वतंत्र देशाला अवजड उद्योग उभारून देण्यास नाखूष असताना सोविएत युनियनने अडीच टक्के व्याजाने कर्ज दिले, यंत्रे दिली, तंत्रज्ञ पाठविले आणि भारतीय अभियंत्यांना व कामगारांना आपल्या कारखान्यांत शिक्षण दिले. राउरकेला जर्मन आणि दुर्गापूर ब्रिटिश साहाय्याने उभे राहत होते. परंतु भिलाई हे मैत्रीचे प्रतीक ठरले. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आरंभी 10 लाख टनांची असलेली क्षमता 1967 मध्ये 25 लाख टनांवर आणि 1988 मध्ये 40 लाख टनांवर गेली.

कारखान्याबरोबर नगरही उभे राहिले. ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. मुंबईच्या गिरणमालकांनी कामगार आणला आणि त्याला घरमालकाच्या स्वाधीन केले. भिलाईत जमीन सार्वजनिक, घर सार्वजनिक आणि भाडे नाममात्र होते. नगराची विभागणी सेक्टरांत करण्यात आली. प्रत्येक सेक्टरात शाळा, बाजार, खेळाचे मैदान यांची सोय करण्यात आली. सेक्टर 9 मध्ये मोठे रुग्णालय उभे राहिले. रस्ते रुंद, झाडे भरपूर, नळाला पाणी, घरात वीज, स्वतंत्र संडास! ज्या पिढीचे बालपण कंदिलाच्या उजेडात गेले, तिच्या दृष्टीने हे केवढे स्थित्यंतर होते!

आणखी एक गोष्ट. क्वार्टर मिळत असे ते श्रेणी व सेवाज्येष्ठता पाहून. जात, धर्म, प्रांत पाहून नव्हे. त्यामुळे एकाच जिन्यावर छत्तीसगढी, मराठी, तेलुगू, मलयाळी, बंगाली, पंजाबी कुटुंबे शेजारी म्हणून राहू लागली. गावात ज्यांच्या घरी पाणी पिणे निषिद्ध होते, त्यांची मुले एका बाकावर बसू लागली. जातीची भिंत एका नगररचनेने कोसळत नाही, परंतु खाजगी घरमालकाची ‘तुमची जात कोणती?’ ही चौकशी येथे निरुपयोगी ठरली. श्रेणीचा भेद मात्र राहिला. अधिकाऱ्यांचे बंगले आणि कामगारांची क्वार्टरे यांच्यात अंतर राहिले, आणि ते अंतर वसाहतीच्या नकाशातच स्पष्ट दिसते.

ज्यांनी नगर बांधले ते कोठे गेले?

हे नगर ज्या जमिनीवर उभे राहिले, ती पडीक नव्हती. ती भातशेतीची जमीन होती. अनेक गावांच्या जमिनी संपादित झाल्या. शेतकऱ्याला रोख मोबदला मिळाला. परंतु ज्याने आयुष्यात एकरकमी पैसा पाहिला नव्हता, त्याच्या हाती तो फार काळ टिकला नाही. कारखान्यात नोकरी मिळत असतानाही आरंभी आसपासच्या गावांतील पुष्कळ लोक ती घेण्यास कचरले. बांधकामात नरबळी दिले जातात अशा अफवा त्या काळी पसरल्या होत्या, अशी नोंद अभ्यासकांनी केली आहे. या अफवांना केवळ अज्ञान म्हणून हसणे योग्य नाही. ज्याची जमीन गेली, त्याच्या भयाने घेतलेले ते रूप होते.

बांधकामासाठी दूरदूरहून मजूर आले. त्यांच्यासाठी रेल्वेलाइनच्या पलीकडे तात्पुरते कॅम्प उघडण्यात आले. झोतभट्ट्या पेटल्या, सेक्टर उभे राहिले; पण कॅम्प उठले नाहीत. कॅम्प 1 आणि कॅम्प 2 ही नावे आजही नगराच्या नकाशावर आहेत. तात्पुरता म्हणून आलेला मजूर तेथेच स्थिरावला, त्याने माती-विटांचे घर केले, त्याची नातवंडे तेथे जन्मली. ज्यांनी सेक्टरांच्या भिंती रचल्या, त्यांच्यापैकी जे कारखान्याच्या हजेरीपटावर चढले ते सेक्टरांत राहावयास गेले. जे ठेकेदाराच्या वहीत राहिले ते कॅम्पातच राहिले.

येथे भिलाईच्या घराच्या प्रश्नाचे मर्म आहे. सार्वजनिक घराचा हक्क श्रमाशी जोडला गेला नाही, तो हजेरीपटाशी जोडला गेला. एकाच भट्टीसमोर, एकाच धगीत घाम गाळणाऱ्या दोन माणसांपैकी एकाला क्वार्टर, रुग्णालय आणि मुलासाठी शाळा मिळाली. दुसऱ्याला ठेकेदाराने दिलेली रोजी मिळाली आणि पावसाळ्यात गळणारे छप्पर मिळाले. खाजगी मालकाने कामगारवर्गात फूट पाडली तर ती ओळखणे सोपे जाते. सार्वजनिक क्षेत्रातील नोकरशाहीने पाडलेली फूट नियमांच्या पोटात दडलेली असते.

झोपडीच्या डागडुजीचे शंभर रुपये

या फुटीची किंमत रक्ताने चुकवावी लागली. भिलाईच्या झोतभट्ट्यांना लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथील खाणींत हजारो कंत्राटी मजूर काम करीत होते. यांत्रिक खाणींत कायम कामगार आणि हातांनी खनिज फोडणाऱ्या खाणींत ठेकेदारी मजूर, अशी ती विभागणी होती. 1977 च्या प्रारंभी बोनसचा करार झाला, तेव्हा कायम कामगाराला एक रक्कम आणि ठेकेदारी मजुराला तिच्याहून कितीतरी कमी रक्कम असा भेद करण्यात आला. इंटक आणि आयटक या दोन्ही संघटनांच्या नेत्यांनी तो मान्य केला. मजुरांनी दोन्ही संघटना सोडल्या आणि शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ स्थापन केला.

त्या मजुरांच्या प्रमुख मागण्यांत एक मागणी अशी होती : पावसाळा सुरू होण्यापूर्वी झोपडीच्या डागडुजीसाठी 100 रुपये भत्ता. बांबू, गवत, कौले यांचा तो खर्च होता. एका राष्ट्रीय कारखान्याच्या खाणीतील मजुराने क्वार्टर मागितले नव्हते. गळते छप्पर शाकारण्यापुरते पैसे मागितले होते. 2 व 3 जून 1977 रोजी पोलिसांनी गोळीबार केला. 11 जण मृत्युमुखी पडले. त्यांत अनसूयाबाई ही स्त्री-कामगार होती. आणीबाणी उठून, नवे सरकार येऊन जेमतेम काही आठवडे झाले होते.

त्या शहीदांच्या स्मरणार्थ मजुरांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून रुग्णालय उभारले. 3 जून 1983 रोजी शहीद रुग्णालय सुरू झाले. कारखान्याच्या रुग्णालयाचे दार ज्यांना बंद होते, त्यांनी आपले दार स्वतः बांधले.

साम्यवादी चळवळीने या प्रकरणाचा निर्भय विचार केला पाहिजे. नियोगी यांच्या संघटनापद्धतीबद्दल आणि राजकीय भूमिकेबद्दल मतभेद असू शकतात, होतेही. परंतु ठेकेदारी मजूर जुन्या संघटना सोडून का गेला, या प्रश्नाला ‘तो बहकला’ हे उत्तर पुरेसे नाही. कायम कामगारांच्या संघटनांनी आपल्या सभासदांसाठी करार केले आणि ते चांगले केले; परंतु ज्याच्या नावाने वर्गणीची पावती फाटत नव्हती, त्याचे छप्पर त्यांच्या मागणीपत्रात आले नाही. वर्गसंघटनेची दृष्टी हजेरीपटापाशी थांबली, तर उरलेला वर्ग दुसरा रस्ता शोधतो, हा त्याचा धडा आहे.

रेल्वेलाइनच्या उत्तरेकडे

भिलाईच्या नकाशावर मुंबई-हावडा रेल्वेमार्ग एखाद्या सीमारेषेसारखा जातो. त्याच्या दक्षिणेस कारखाना आणि त्याचे सेक्टर. उत्तरेस सुपेला, कॅम्प, वैशाली नगर आणि जामुलकडे पसरलेले औद्योगिक क्षेत्र. दक्षिणेकडील नगर कारखान्याच्या मालकीचे. उत्तरेकडील नगर आधी विशेष क्षेत्र विकास प्राधिकरणाच्या आणि 1998 पासून महानगरपालिकेच्या कारभाराखाली. 2008 च्या निवडणुकीपासून वैशाली नगर हा विधानसभेचा स्वतंत्र मतदारसंघ झाला. एके काळी कारखान्याचा परिसर समजला गेलेला भाग आता स्वतःच्या मतांनी बोलू लागला, असा याचा अर्थ.

या उत्तरेकडील भागात भिलाईच्या कामगारवर्गाचे सर्व थर एकमेकांना लागून राहतात. निवृत्तीची रक्कम हाती आल्यावर ज्याला प्लॉट घेता आला त्याचे पक्के घर, त्याच्या माडीवर भाडेकरू, आणि थोड्या अंतरावर ठेकेदारी मजुराची एका खोलीची वस्ती. निवृत्त कामगाराला प्लॉट का घ्यावा लागला? कारण क्वार्टर नोकरीबरोबर मिळते आणि नोकरीबरोबर जाते. तीस-पस्तीस वर्षे ज्या अंगणात तुळस लावली, ते अंगण साठाव्या वर्षी सोडावे लागते. सोडण्यास विलंब झाला तर 1971 चा सार्वजनिक जागांतील अनधिकृत रहिवाशांच्या निष्कासनाचा कायदा लागू होतो. निवृत्ताने क्वार्टर वेळेवर सोडले नाही, तर त्याच्या ग्रॅच्युइटीतून दंडभाडे वळते करून घेण्यास 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने सेलला मुभा दिली. मालक खाजगी असो वा सार्वजनिक, भाकरी आणि छप्पर यांच्या किल्ल्या एका जुडग्यात असल्या म्हणजे काय होते, हे एंगल्सने सांगितलेले सत्य येथे निवृत्तीच्या दिवशी अनुभवास येते.

उत्तरेकडील खाजगी कारखान्यांत परिस्थिती याहून बिकट होती. सार्वजनिक कारखान्याच्या सावलीत वाढलेल्या या उद्योगांनी कामगाराला कायम करण्याचे टाळले. 1990-91 मध्ये तेथील मजूर संघटित होऊ लागले. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे भिलाईतील हुडको वसाहतीतील घरात झोपेत असताना नियोगी यांची गोळी घालून हत्या झाली. 1 जुलै 1992 रोजी पॉवरहाउस रेल्वे स्थानकावर रुळांवर बसलेल्या आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि 16 कामगार ठार झाले. हत्येच्या खटल्यात 1997 साली सत्र न्यायालयाने उद्योगपतींसह आरोपींना दोषी ठरविले, 1998 साली उच्च न्यायालयाने त्यांना मुक्त केले आणि 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने केवळ प्रत्यक्ष गोळी झाडणाऱ्याला दोषी ठरविले. न्यायाच्या तराजूत कोणते पारडे जड असते, हे सांगण्यास वेगळ्या भाष्याची गरज नाही.

क्वार्टर रिकामी, वस्त्या भरलेल्या

1991 च्या आर्थिक धोरणानंतर सार्वजनिक क्षेत्रातच कायम कामगारांची संख्या घटू लागली. स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या, भरती आखडली, आणि निवृत्त झालेल्याच्या जागी ठेकेदाराचा मजूर उभा राहिला. उत्पादन वाढत गेले, हजेरीपट आखूड होत गेला. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याखाली ठेकेदारी बंद झाल्यास मजूर आपोआप मूळ मालकाचा कामगार ठरतो, असे 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते. 2001 साली न्यायालयाच्या घटनापीठाने ते मत फिरविले. ज्या खटल्यात ते फिरले, त्यात अपीलकर्ती स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया, म्हणजे सेल होती. सार्वजनिक उद्योगाने कामगारवर्गाच्या विरोधात मिळविलेला तो विजय होता.

याचा घरावर काय परिणाम झाला? घर हजेरीपटाशी बांधलेले असल्याने हजेरीपट आटला तशी घरेही कामगाराच्या हातून निसटू लागली. काही क्वार्टर 2001 नंतरच्या काळात दीर्घ मुदतीच्या लीजवर दिली गेली. काही रिकामी पडली, जीर्ण झाली. काहींत बेकायदा ताबे शिरले आणि ते उठविण्यासाठी मोहिमा निघाल्या. त्याच वेळी कारखान्याच्या फाटकातून दररोज आत जाणारा ठेकेदारी मजूर रेल्वेलाइनच्या पलीकडील खोलीचे भाडे बाजारभावाने भरत राहिला. सार्वजनिक पैशाने बांधलेले छप्पर एका बाजूला ढासळते आहे आणि त्याच कारखान्याचा कामगार दुसऱ्या बाजूला छप्पर विकत घेतो आहे. हा विरोध निसर्गनियमाने उत्पन्न झालेला नाही. तो धोरणाने उत्पन्न केला आहे.

मुंबईच्या खोल्या आणि सोलापूरची घरे

महाराष्ट्रातील कामगारवर्गाने याच प्रश्नाशी निराळ्या मार्गांनी झुंज दिली आहे. मुंबईत 1920 च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कापसाच्या प्रत्येक गासडीवर 1 रुपया उपकर बसवून कामगारांसाठी 50,000 खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे 207 चाळी, म्हणजे सुमारे 16,000 खोल्या झाल्या. खोली 160 चौरस फुटांची आणि संडास सामाईक. भाडे परवडत नसल्याने आरंभी कित्येक खोल्या ओस पडल्या. नंतर त्याच बी. डी. डी. चाळी कामगार चळवळीचे आणि दलित चळवळीचे बालेकिल्ले झाले. शतकानंतर, ऑगस्ट 2025 मध्ये, वरळीतील पहिल्या 556 कुटुंबांना पुनर्विकासातील 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. सरकारी मालकीच्या जमिनीवर चिवटपणे टिकून राहिलेल्या भाडेकरूला घर मिळाले. ज्या गिरणी कामगाराने 1982 च्या संपात सर्वस्व घालविले, त्याचा गिरण्यांच्या जमिनीतील वाटा मात्र 2001 च्या नियमबदलाने आक्रसला आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या बदलावर शिक्कामोर्तब केले.

सोलापूरचे उदाहरण ठेकेदारी मजुराच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. तेथील विडी कामगार स्त्रिया, बहुसंख्य तेलुगू भाषक, घरी बसून विड्या वळणाऱ्या. त्यांना ना कारखान्याचे फाटक, ना हजेरीपट, ना क्वार्टर. मालक कोण हे दाखविण्यापासूनच त्यांचा झगडा सुरू होत असे. कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली लाल बावट्याच्या संघटनेने या स्त्रियांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली आणि तिला कॉम्रेड गोदावरी परुळेकर यांचे नाव दिले. मोर्चे, धरणी, दिल्लीच्या वाऱ्या यांतून मार्ग काढीत कुंभारी येथे 10,000 घरे उभी राहिली. केंद्राचे 20,000, राज्याचे 20,000 आणि कामगार स्त्रीचे स्वतःचे 20,000 रुपये, असा घराच्या खर्चाचा वाटा होता. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरे देण्यात आली. पुढे कॉम्रेड मीनाक्षी साने यांच्या नावाची वसाहत झाली आणि त्यानंतर असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांचा रे नगर प्रकल्प हाती घेण्यात आला. त्याची पायाभरणी 9 जानेवारी 2019 रोजी आणि पहिल्या 15,000 घरांचे वितरण 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले.

व्यासपीठावर कोण बसले आणि छायाचित्र कोणाचे छापले गेले, यावरून घर कोणी मिळविले हे ठरत नाही. ती घरे विडीच्या तंबाखूने खोकणाऱ्या स्त्रियांनी मिळविली. तथापि या यशाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. वसाहत शहरापासून दूर आहे. काम, बाजार, रुग्णालय यांच्यासाठी बसवर अवलंबून राहावे लागते. घरासाठी कामगाराने स्वतःचा हिस्सा भरला आहे आणि कर्जाच्या हप्त्याचे ओझे वाहणारा कामगार वाकतो, हा एंगल्सचा इशारा येथेही लागू आहे. शिवाय विडी कामगारांच्या कल्याणासाठी 1976 च्या कायद्याने जो उपकर घेतला जात होता, तो वस्तू व सेवा कर आल्यावर 2017 मध्ये रद्द झाला. म्हणजे घराचा आधार असलेला निधीच काढून घेण्यात आला.

केरळमध्ये 1972 साली अच्युत मेनन सरकारात गृहनिर्माण मंत्री असलेल्या कॉम्रेड एम. एन. गोविंदन नायर यांनी भूमिहीन शेतमजुरांसाठी 1 लाख घरांची योजना हाती घेतली. तेथे प्रश्न असा विचारला गेला, की ज्याला घर नाही तो कोण? तो कोणाच्या पटावर आहे, असा नव्हे.

मागणी कोणती?

या तीन-चार उदाहरणांतून भिलाईसाठी काय निष्पन्न होते? भिलाईच्या वसाहतीने सिद्ध केले, की जमीन सार्वजनिक असेल तर घरमालकाविना नगर उभारता येते. सोलापूरने सिद्ध केले, की ज्याच्यापाशी हजेरीपट नाही त्यालाही संघटनेच्या बळावर घर मिळविता येते. या दोन अनुभवांची सांगड घालणे हे येथील चळवळीचे कार्य आहे.

पहिली मागणी हिशेबाची असली पाहिजे. कारखान्याच्या मालकीची एकूण क्वार्टर किती, राहण्यायोग्य किती, रिकामी किती, जीर्ण किती, लीजवर दिलेली किती, याची सेक्टरवार यादी व्यवस्थापनाने प्रसिद्ध करावी. सार्वजनिक मालमत्तेचा हिशेब मागणे हा कामगाराचा हक्क आहे. यादी हाती आल्याखेरीज पाडापाडीला संमती देता कामा नये.

दुसरी मागणी तत्त्वाची आहे. घराचा अधिकार फाटकाच्या आत केलेल्या कामाच्या वर्षांवर ठरावा, पगार कोणाच्या सहीने मिळतो यावर नव्हे. ठेकेदार बदलतो, मजूर तोच राहतो; तेव्हा त्याच्या सेवेची वर्षे मोजणे अवघड नाही. परप्रांतांतून आणलेल्या मजुराला राहण्याची योग्य जागा देण्याची जबाबदारी 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारावर टाकली होती. तिची अंमलबजावणी क्वचितच झाली. आणि 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत जेव्हा तो कायदा विलीन करण्यात आला, तेव्हा स्थलांतरितांच्या प्रकरणातून ही तरतूद गळाली. कायद्यातून गेलेला हक्क करारात परत आणावा लागेल.

तिसरी मागणी उत्तरेकडील वस्त्यांची आहे. कॅम्प आणि त्यासारख्या वस्त्यांतील रहिवासी दोन-तीन पिढ्यांपासून तेथे आहेत. त्यांना राहत्या जागेचे पट्टे, नळ, गटारे आणि शाळा मिळाल्या पाहिजेत. त्यांना उठवून शहराबाहेर नेऊन टाकणे म्हणजे पुनर्वसन नव्हे, हे सोलापूरच्या अंतराच्या प्रश्नावरून शिकता येते.

या मागण्या कायम कामगारांच्या विरुद्ध आहेत, असा प्रचार होईल. ‘तुमच्या मुलाचे क्वार्टर ठेकेदारी मजुराला देणार’ असे सांगितले जाईल. या प्रचाराला उत्तर वस्तुस्थितीतच आहे. कायम कामगाराचा मुलगा आज बहुधा कायम कामगार होत नाही. नोकरी मिळालीच तर तोही ठेकेदाराच्या वहीत जातो. बापाचे क्वार्टर निवृत्तीबरोबर सुटते आणि मुलगा त्याच कारखान्यात काम करूनही त्या क्वार्टराचा हक्कदार ठरत नाही. म्हणून ठेकेदारी मजुराच्या घराची मागणी ही कायम कामगाराच्या पुढील पिढीच्या घराची मागणी आहे. हे सेक्टरातील प्रत्येक जिन्यावर जाऊन समजावून सांगितले पाहिजे.

1977 साली दल्ली-राजहराच्या मजुराने छप्पर शाकारण्यासाठी 100 रुपये मागितले, तेव्हा त्याच्या बाजूला कायम कामगारांची संघटना उभी नव्हती. पुढील मागणीपत्र तयार होईल तेव्हा त्यावर दोन्ही प्रकारच्या कामगारांच्या सह्या असल्या पाहिजेत. वैशाली नगर, सुपेला, कॅम्प येथील शाखांनी सेक्टरातील शाखांबरोबर एकत्र बसून घरांची यादी करण्याचे काम हाती घ्यावे, आणि वेतनकराराच्या येत्या वाटाघाटींपूर्वी ती यादी मागणीपत्राला जोडावी.